मावशीची परसबाग आणि नर्मदेचं पाणी

‘‘अगं ऊठ, नर्मदा आली!’’

मे महिन्यातली पहाट. पाच वाजले असतील. इंदूरला मावशीकडे मी वरच्या खोलीत झोपले होते. अर्धवट झोपेत वाटलं, कुणी पाहुणी आली असावी. डोळे चोळत खाली आले तर ब्याऐंशी वर्षांची मावशी पदर खोचून अंगणातल्या नळाशी उभी. एक घागर भरलेली, दुसरी नळाखाली, आणि हौदात धो धो पाणी पडतंय. इंदूरच्या लोकांच्या तोंडी नळाला पाणी येत नाही, नर्मदा येते. ‘आज नर्मदा आली का?’, ‘नर्मदेची लाइन घेतली का?’ असंच तिथं विचारतात.

आपल्याकडे कुणी ‘राकसकोप आलं’ किंवा ‘घटप्रभा आली’ असं म्हणत नाही. मला त्या बोलण्याचं फार कौतुक वाटलं. पाणी कुठून येतं, हे निदान रोजच्या भाषेत तरी त्या गावानं जपलंय.

आणि ते येतं तरी किती लांबून! इंदूर बसलंय माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. नर्मदा वाहते विंध्य उतरून खाली, निमाडात. मंडलेश्वरजवळच्या जलूद गावी तिचं पाणी उचलतात, पंपामागून पंप लावून चारशे मीटरहून जास्त चढवतात आणि सुमारे सत्तर किलोमीटर नळातून आणतात. १९७० साली इंदूरकरांनी नर्मदेच्या पाण्यासाठी मोठं आंदोलन केलं, तेव्हा कुठे १९७८ मध्ये हे पाणी शहरात पोचलं. या पंपांचं वीजबिल इतकं जड, की ते हलकं व्हावं म्हणून जलूदला सौरऊर्जा प्रकल्प उभारायचं ठरलं आणि त्यासाठी इंदूर महापालिकेनं २०२३ साली २४४ कोटींचे हरित रोखे विकले.

हे सगळं मला दादानं, म्हणजे माझ्या मावसभावानं, सकाळच्या पोहे-जिलेबीबरोबर सांगितलं. त्याचं सांगून झालं, आणि लगेच तो पायजमा वर करून पुढच्या अंगणात गेला, नळाला पाइप लावला आणि हिरव्यागार लॉनवर नर्मदा सोडली.

मावशी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, ‘‘मी काही बोलत नाही बरं.’’

पुढचं अंगण, मागचं अंगण

मावशीच्या घराला दोन अंगणं. पुढचं सहाशे चौरस फुटांचं. तिथं दादानं आठ वर्षांपूर्वी लॉन लावलं. कडेला एकसारख्या कापलेल्या झुडपांची रांग, मधे पांढरे गोटे. मागचं अंगण मावशीचं. तिथं कशाला काही शिस्त नाही. विहिरीच्या जुन्या कठड्याशी पारिजातक, भिंतीला टेकून अडुळसा, कोपऱ्यात कढीलिंब, लिंबू, शेवगा, एक वेडीवाकडी बोर, पिवळी कोरांटी, पानफुटी, आणि कुणी न लावता उगवलेली रुई.

मी पोचले त्या दिवशी घरात ताण होता. येत्या सोमवारी मिस्त्री येणार होता. मागचं अंगण साफ करून तिथं काँक्रीटचा कोबा करायचा आणि दोन गाड्या लावायची सोय करायची, असं ठरलं होतं. मावशी दोन दिवस दादाशी धड बोलत नव्हती.

वहिनीची बाजूही मला ऐकून घ्यावीशी वाटली. ती म्हणाली, ‘‘ताई, आईंना झाडं हवीत, मला काय नकोत? पण रोज पाला झाडतं कोण? माझे गुडघे दुखतात. मागच्या पावसाळ्यात तिथून धामण निघाली. डास वेगळेच. आणि आपलं गाव देशात पहिल्या नंबरचं स्वच्छ! घराच्या मागे असा कचरा बघून लोक काय म्हणतील?’’

ती काही चुकीचं बोलत नव्हती. इंदूर २०१७ पासून देशातल्या स्वच्छ शहरांत सतत अव्वल राहिलंय आणि त्याचा अभिमान तिथल्या भाजीवाल्यालाही आहे. झाडाची हौस एकाची आणि झाडू दुसऱ्याच्या हातात, हे तर घरोघरचं आहे.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादा म्हणाला, ‘‘तू कॉलेजात शिकवतेस, तूच सांग.’’ आणि वाचकहो, तुम्हाला खरं सांगते, माझी मान खाली गेली.

कारण बेळगावात मी स्वतः हेच केलंय. सासूबाई गेल्या त्या वर्षी आमच्या दारातला त्यांचा पारिजातक आम्ही तोडला, गाडी वळायला जागा हवी म्हणून. अंगणभर पेव्हर ब्लॉक घातले. छान दिसलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पावसानं आपल्या जिल्ह्यात हाहाकार केला, त्या आठवड्यात आमच्या अंगणात पडलेला थेंबन् थेंब मी खिडकीतून गटारात जाताना पाहिला. पुढच्या उन्हाळ्यात आमची विहीर तळाला गेली. ज्या बाईनं स्वतःच्या दारचं झाड तोडलं, तिनं दुसऱ्याच्या भांडणात काय सांगावं? मी ‘बघू’ म्हटलं आणि मावशीबरोबर मागच्या अंगणात जाऊन बसले.

अठरा बादल्यांचं गणित

तिथं बसल्या बसल्या मी वहीत एक सोपं गणित मांडलं. हे गणित तुम्हीही मांडू शकता.

कडक उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. दादाचं लॉन पंचावन्न चौरस मीटरचं. म्हणजे रोज पावणेतीनशे लिटर. पंधरा लिटरच्या अठरा बादल्या! शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं, असा सरकारी निकष आहे. म्हणजे दादाचं लॉन हे घरातली दोन माणसंच झाली. ती कधी गावाला जात नाहीत आणि उन्हाळ्यात जास्तच पितात.

मावशीच्या मागच्या अंगणाला किती लागतं? मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘भांडी विसळलेलं पाणी लिंबाला, तांदूळ धुतलेलं कढीलिंबाला. बाकीच्यांना मी मे महिन्यातसुद्धा आठवड्यातून एकदाच विचारते.’’

तुम्ही म्हणाल, इंदूर म्हणजे काही वाळवंट नाही. खरं आहे. उलट माळवा म्हणजे पावलोपावली भाकरी आणि पाणी, अशी त्या भूमीची जुनी ख्याती. पाऊस वर्षाला सरासरी ९०० ते १००० मिलिमीटर पडतो. पण तो सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आभाळ कोरडं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, गरम वारे, आणि काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. म्हणजे जमीन वर्षातले चार महिने माळव्याची आणि आठ महिने जवळजवळ मारवाडची. आपल्याकडेही तेच. बेळगावात पाऊस इंदूरपेक्षा जास्त, पण अथणी, गोकाक, सौंदत्ती, पुढे विजापूर, जसजसं पूर्वेला जावं तसं ढग पाठ फिरवतात. आणि बेळगावसुद्धा मार्चनंतर कोरडंच. इंदूरच्या खाली जो काळा कातळ आहे, तोच दख्खनचा कातळ आपल्या जिल्ह्याच्या मोठ्या भागाखाली आहे. त्याच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी तो राखतो.

अशा मातीत बारा महिने हिरवा गालिचा मागणं म्हणजे जमिनीला तिच्या ऋतूंच्या विरुद्ध वागायला लावणं. विलायती लॉनची कल्पना आली इंग्लंडातून, जिथं बाराही महिने थोडा थोडा पाऊस पडत असतो. तिथं हिरवळ आपोआप येते. इथं ती आणावी लागते, तीही सत्तर किलोमीटरवरून.

झुडपातलं गोकुळ

त्या दुपारी मावशीनं मला तिची बाग दाखवली. बाग म्हणजे काय, तर प्रत्येक झाडाकडे येणारे पाहुणे.

कढीलिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला. मी झटकणार, तोच मावशीनं हात धरला. ती सुरवंटाची लहान अवस्था. पुढे तो हिरवा होतो आणि त्यातून काळं फुलपाखरू निघतं. लिंबू, कढीलिंब, बेल ही एकाच कुळातली झाडं. त्यांच्यावर काही देखणी फुलपाखरं अंडी घालतात. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं मोठं निळं-काळं ब्लू मॉर्मन याच कुळातल्या झाडांवर वाढतं. आपल्याकडे ते घाटाच्या बाजूला सहज दिसतं. रुईवर, कन्नडमधल्या एक्केवर, केशरी रंगाचं प्लेन टायगर वाढतं. पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून तिसऱ्या एका फुलपाखराचा सुरवंट पान पोखरून खातो. आपण फुलपाखरासाठी फुलं लावतो, पण त्याच्या पोरांना पानं लागतात आणि ती ठरावीक झाडाचीच लागतात. दुकानात मिळणाऱ्या, कुणीच न खाणाऱ्या शोभेच्या झाडांवर म्हणूनच पाळणा हलत नाही.

जास्वंदीवर, म्हणजे दासवाळावर, शिंजीर लोंबकळून मध पितो. शिंपी पक्षी मोठी पानं शिवून घरटं करतो. शेवग्याला, म्हणजे नुग्गेला, फुलं आली की मधमाश्यांचा बाजार भरतो. आणि खाली पडलेला जो पाला वहिनीला कचरा वाटतो, तो सातभाई चोचीनं उलटापालटा करून त्यातले किडे वेचत बसतात. दुपारी तीन वाजता त्यांचा जो कलकलाट सुरू झाला, तो ऐकून मला आमच्या स्टाफरूमची आठवण झाली.

मग मी पुढच्या लॉनवर जाऊन उभी राहिले. तिथं दोन मैना आणि एक कावळा. पाइपाच्या गळतीचं पाणी पीत होते.

इंदूरच्या मातीत हे प्रेम मुरलेलं आहे. होळकरांच्या काळातला तिथला सिरपूर तलाव मधल्या काळात कचरा आणि अतिक्रमणानं मरणपंथाला लागला होता. चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे ‘नेचर व्हॉलंटिअर्स’चे सहकारी त्याच्यासाठी वर्षानुवर्षं झटले. मोंढ्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०२२ मध्ये सिरपूर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत गेला. मराठी नावाच्या एका कलावंतानं दूरच्या गावात हे केलं, याचा आपल्यालाही आनंद वाटावा. पण तलावावर येणारा पक्षी तलावावरच राहतो असं नाही. त्याला गावभर उतरायला फांद्या लागतात. त्या फांद्या कुणाच्या तरी परसदारीच असतात.

कचरा कशाला म्हणायचं?

आता वहिनीच्या प्रश्नाकडे वळते. पाला म्हणजे कचरा का?

गंमत अशी, की या प्रश्नाचं उत्तर जगाला ज्या गावानं दिलं, ते गाव इंदूरच. १९२४ पासून १९३१ पर्यंत सर अल्बर्ट हॉवर्ड हे शेतीशास्त्रज्ञ इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’चे प्रमुख होते. आपल्या शेतकऱ्यांच्या पद्धती बघून आणि चीनमधल्या जुन्या रिवाजांचा अभ्यास करून त्यांनी पाला, काडीकचरा, शेण, थोडी माती आणि राख यांचे थर लावून, मधे तीन वेळा ढीग उलथापालथ करून साधारण तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. १९३१ साली त्यावर पुस्तक निघालं. त्यावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीनं दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. ही रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला गेलेले गांधीजी मुद्दाम ती बघायला गेले होते. मावशीचे यजमान, आमचे काका, शेतीखात्यात कारकून होते. ते ढिगात हात घालून ऊब बघायचे आणि म्हणायचे, ‘‘शिजतंय हं!’’

त्याहून जुनी एक गोष्ट आहे. १९१७ साली इंदूरला प्लेग होता. नगररचनेचे स्कॉटिश जाणकार पॅट्रिक गेडिस तेव्हा तिथं काम करत होते. लोकांना घरं स्वच्छ करायला सांगून कोण ऐकणार? गेडिस यांनी दिवाळीला भव्य मिरवणूक काढायचं ठरवलं. होळकर महाराजांनी त्यांना एका दिवसाचे महाराज केलं. मिरवणूक कुठल्या रस्त्यानं जाणार, तर जो मोहल्ला सर्वांत जास्त घरं झाडेल, दुरुस्त करेल, त्या रस्त्यानं. सगळं गाव कामाला लागलं. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता आणि शेवटी लोकांना वाटली तुळशीची रोपं. छोट्या छोट्या कुंड्यांतून.

स्वच्छतेच्या मिरवणुकीचा शेवट रोपानं झाला, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. त्या माणसाला स्वच्छ घर म्हणजे बिनझाडाचं घर असं म्हणायचं नव्हतं. प्लास्टिक, खरकटं, साचलेलं पाणी हा कचरा. पान हा कचरा नाही. ते झाडाच्या बुंध्याशी तीन-चार बोटं जाड पसरलं तर काळ्या मातीला भेगा पडत नाहीत, ओल उडत नाही आणि पाणी निम्म्या वेळा घालून भागतं. मावशी पन्नास वर्षं हेच करत आली. तिनं हॉवर्ड वाचलेला नाही.

सोमवारी काय झालं

रविवारी रात्री अमेरिकेहून भाच्याचा, दादाच्या मुलाचा, फोन आला. तो अॅरिझोनात फिनिक्सला असतो. ते खरंखुरं वाळवंट. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस. तो म्हणाला, ‘‘बाबा, इथं लोक लॉन काढतायत आणि तुम्ही लावून बसलात! शेजारच्या नेवाडा राज्यात तर २०२१ मध्ये कायदाच झाला. लास वेगासच्या भागात रस्त्याकडेचं, ऑफिसांपुढचं नुसतं शोभेचं गवत काढून टाकायचं. घरचं लॉन काढलं तर पाणीखातं उलट पैसे देतं.’’ मग आजीला म्हणाला, ‘‘आजी, माझ्या शेजाऱ्यानं शेवगा लावलाय. तुझ्यासारखाच!’’

दादा बराच वेळ गप्प होता. मी माझी वही त्याच्यापुढे सरकवली. तो हिशेबी माणूस. दोन वर्षांपूर्वी बोअर आटली तेव्हा टँकरला किती मोजले, ते त्यानं मनातल्या मनात त्या अठरा बादल्यांशेजारी मांडलं असावं. मग तो वहिनीकडे वळून म्हणाला, ‘‘गाड्या पुढे लावल्या तर?’’

एवढीच गोष्ट! गाडीला जागा हवी होती आणि जागा पुढेच होती, लॉनखाली.

सोमवारी मिस्त्री आला तेव्हा नकाशा उलटा झाला होता. लॉनच्या जागी फटी ठेवून फरशा बसल्या. फटींत खडी, म्हणजे पावसाचं पाणी मुरेल. एका कोपऱ्यात चटईएवढ्या दूर्वा ठेवल्या, गणपतीपुरत्या. छताचं पाणी पाइपानं खाली आणून जाळी आणि खडी-वाळूच्या गाळणीतून जुन्या विहिरीत सोडलं. हजार चौरस फुटांच्या छतावर इंदूरच्या पावसात वर्षाला सत्तर हजार लिटरच्या आसपास पाणी हाती लागतं. हेही गणित वहीत होतं.

वहिनीच्या अटी होत्या आणि त्या सगळ्या रास्त होत्या. भिंतीपासून तीन फूट मोकळी फरशीची वाट. घराला लागून दाट झुडूप नाही, लाकडं-विटांचा ढीग नाही, म्हणजे साप-विंचवाला दडायला जागा नाही. धामण विषारी नसते, उंदीर खाते, हे खरं. पण अंधारात पाय पडल्यावर कुणी जात विचारत बसत नाही. पक्ष्यांचं पाणी पसरट भांड्यात आणि रोज ओतून नवं, म्हणजे डास होणार नाहीत. आणि शेवटची अट, परसदारचा झाडू दादानं मारायचा.

दादानं मान्य केलं. मावशीनं त्या दिवशी त्याच्यासाठी श्रीखंड केलं. काही बोलली नाही.

आपल्या दारी

बेळगावला परत आले ती थोडी अस्वस्थच. मावशीची बाग वाचली, पण माझ्या सासूबाईंचा पारिजातक काही परत येत नव्हता.

आमच्या शेजारी एक अज्जी राहतात. सौंदत्तीकडच्या. माझी कन्नड ऐकून त्या हसतात, त्यांची मराठी ऐकून मी हसते, आणि आमचं चांगलं जमतं. मी त्यांना इंदूरची सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, ‘‘हित्तल गिड मद्दल्ल, टीचर.’’ परसातलं झाड औषधाला चालत नाही! जे दारात आहे त्याची किंमत नसते, अशा अर्थाची ही कन्नड म्हण तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात बोलली जात असेल. मराठीत आपण ‘पिकतं तिथं विकत नाही’ म्हणतो, तसंच काहीसं.

आमच्या दारचीही गोष्ट तीच आहे. तरवड, ज्याला कन्नडमध्ये तंगडी म्हणतात, तो आपल्या माळावर बिनपाण्याचा पिवळाधमक फुलतो आणि त्यावर पिवळी फुलपाखरं वाढतात. आपण त्याला रानटी म्हणतो. कोरांटी म्हणजे गोरंटे, अबोली म्हणजे कनकांबर, अडुळसा म्हणजे आडुसोगे, निर्गुडी म्हणजे लक्की. दोन्ही भाषांत नावं आहेत, म्हणजे दोन्ही भाषांच्या आज्यांनी ही झाडं दारात वाढवलेली आहेत. आणि आपण नर्सरीत जाऊन परदेशी कोनोकार्पस आणतो, लवकर वाढतो आणि हिरवा दिसतो म्हणून. गुजरातच्या वनखात्यानं २०२३ मध्ये त्याच्यावर बंदी घातली, तरी आपल्याकडे तो अजून कुंपणाला दिसतो.

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आपल्याला माहीत आहे. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं अधिवेशन भरलं, तेव्हा हजारो माणसांच्या पाण्यासाठी ती खणली. तेव्हाच्या लोकांनी पाणी लागलं तर आधी पायाखाली पाहिलं. आपण आधी नळाकडे पाहतो.

मी मोठं काही केलेलं नाही. जूनच्या पहिल्या पावसाआधी अंगणातले अकरा ब्लॉक उचलले. खालची दगडासारखी घट्ट झालेली मुरुमाची माती पहारीनं फोडली, पाला आणि शेणखत भरलं आणि पारिजातकाचं रोप लावलं. रोप लावायची वेळ हीच, पावसाच्या तोंडावर. उन्हाळ्यात लावलेलं झाड सलाइनवरच्या पेशंटसारखं जगतं. पहिले दोन उन्हाळे त्याला हात द्यावा लागेल. एक मातीचं मडकं बुडाला बारीक भोक पाडून, त्यात कापडाची वात घालून, बुंध्यापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरलं आहे. त्यात तीन-चार दिवसांनी पाणी भरते, वर झाकण ठेवते. पाणी झिरपत मुळाशी जातं, उन्हात उडून जात नाही. रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरवर राहतात. क्वचित पण खोल पाणी दिलं की ती खाली पाणी शोधायला जातात. पोरांच्या बाबतीतही हेच खरं असावं, पण तो विषय पुन्हा कधी.

अज्जींनी त्यांच्या गोरंटेची फांदी आणून दिली. मी ती कुंपणाशी खोचली आणि पाइप उचलला, तोच त्या ओरडल्या, ‘‘नीर हाळ माडब्याड्री!’’ पाणी नासू नका! आभाळ भरून आलं होतं. त्या म्हणाल्या, दोन तास थांबा.

आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. पाऊस दोन तासांनी आला नाही, रात्री आला.

जुलैत मावशीचा फोन आला. तिच्या विहिरीला पाणी चढलंय. दादा रोज सकाळी झाडू मारतो आणि पाला ढिगावर टाकतो. परवा त्यानं ढिगात हात घातला आणि काकांसारखंच म्हणाला, ‘‘शिजतंय हं!’’ हे सांगताना मावशीचा आवाज थोडा दाटला. मग लगेच म्हणाली, ‘‘ठेवते गं, नर्मदा आली.’’

वाचकहो, तुमच्या परसदारी काय काय आहे? या आठवड्यात एकदा मागच्या दारी जाऊन बघा. घरातल्या आजीला, अज्जीला बरोबर घ्या. प्रत्येक झाडाचं मराठी आणि कन्नड नाव आणि त्यावर कोण येऊन बसतं ते एका कागदावर लिहून मला पाठवा. एखादी फरशी उचलून काही लावलंत, तर तेही कळवा. माझा पारिजातक अजून जेमतेम गुडघ्याएवढा आहे. त्याला सोबत हवी आहे.